वाचा फुटू द्या

कळंब परिसरातील ठाकूर-कातकरी वाड्यांवरचे मूल घरी आपली बोली बोलते, शाळेत प्रमाण मराठी शिकते आणि त्यानंतर इंग्रजीला सामोरे जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे शिकूनही मुलाला चार वाक्ये बोलवत नसतील, तर दोष त्याच्या जिभेचा की आपल्या पद्धतीचा?

आमचे म्हणणे साधे आहे. शिक्षकांनी आपला मोबाईल मुलांच्याच हाती द्यावा. दोघा-तिघांनी मिळून भाताच्या लावणीवर किंवा नेरळच्या बाजारावर दोन मिनिटांची चित्रफीत इंग्रजीतून तयार करावी. चुकले तर पुसावे, पुन्हा बोलावे. वर्गासमोर एकदाच बोलणारे मूल येथे तेच वाक्य दहादा म्हणते, आपले आपण ऐकते आणि सुधारते. चित्रणाला इंटरनेटही लागत नाही.

‘उच्चार बिघडतील,’ असे काही जण म्हणतात. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. ‘क्रिस्तपुराणा’च्या दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या छापून निघाल्या त्या १६१६ साली. त्यांचा पहिला मराठी शब्द शुद्धच होता, असे कोण म्हणेल? सेमिनरीत आमच्या एका इंग्रजी वाक्यावर हशा पिकला आणि पुढे कित्येक महिने आम्ही भोजनाच्या मेजावर मुके राहिलो. व्याकरण आम्हांस येत होते. धीर खचला होता.

‘मोबाईलने मुले बिघडतात,’ हा दुसरा आक्षेप. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आपणच तो त्यांच्या हाती दिला, पण निमूटपणे पाहण्या-ऐकण्यासाठी. बोलण्यासाठी देताना मात्र आपणांस संस्कार आठवावेत, हे नवल!

मात्र एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. या चित्रफिती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरवू नयेत, शाळेच्या जाहिरातीस वापरू नयेत. चार चुणचुणीत मुलांना पुढे करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसविणे, ही स्नेहसंमेलनाची रीत येथे नको. चित्रफीत शिक्षकाने त्या मुलांसोबत बसून पाहावी, आधी जमले ते सांगावे, मग एकच चूक दाखवावी. धीर आला की त्याच विषयावर समोरासमोर बोलते करावे. कॅमेऱ्यापाशीच थांबलेले बोलणे अपुरे आहे.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, येत्या सत्रात मागच्या बाकावरच्या त्या अबोल मुलापासूनच आरंभ करा. चुणचुणीतांना आपली गरज नाही.