स्पर्शाची मर्यादा

धर्मनिष्ठ यहुदी पुरुष परस्त्रीशी हस्तांदोलन का टाळतात, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. यात तिचा अपमान नसतो. या नियमाला ते 'नेगिया', म्हणजे स्पर्श, म्हणतात. आई-मुलगा, बाप-मुलगी यांना मोकळीक आहे; पती-पत्नी मात्र मासिक पाळीत आणि नंतरचे सात दिवस, स्नानविधी होईपर्यंत, एकमेकांना हात लावीत नाहीत.

कैरोचे प्रसिद्ध हकीम मुसा इब्न मैमून 1204 साली वारले. त्यांच्या मते आसक्तीचा स्पर्श खुद्द तौरातनेच निषिद्ध केला आहे. रब्बी नहमानिदेस म्हणतात, ही बंदी पुढे रब्बींनी घातली. दोघांचाही रोख आसक्तीवर आहे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. डॉक्टर उपचारासाठी स्त्रीची नाडी पाहू शकतो, ते त्यामुळेच. शिष्टाचाराच्या हस्तांदोलनावर मात्र आजही एकमत नाही.

आणि अतिरेक? तालमूदच्या 'सोता' या भागात मूर्ख धर्मात्मा कोण, ते सांगितले आहे. बाई नदीत बुडते आहे आणि हा काठावर उभा! तिच्याकडे पाहणे योग्य नव्हे, मग वाचवू कसा, असे म्हणणारा. जगाचा नाश करणाऱ्यांत त्याची गणना केली आहे.