निसारला ढगांआडचा पूर दिसेल, पण वेळेत?

22 जुलै 2023. महागाव तालुक्यातलं आनंदनगर पुराने वेढलं, लोकांना काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं. अशा दिवशी यवतमाळचा साधा सॅटेलाइट फोटो उघडा, नुसते पांढरे ढग दिसतील.

म्हणून इस्रो-नासाच्या 'निसार'कडे माझं लक्ष आहे. 30 जुलै 2025 ला तो श्रीहरिकोटाहून झेपावला. त्याचं रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परतलेल्या टिपतं. ढग, अंधार आड येत नाहीत. साचलेलं शांत पाणी आरशासारखं लहरी दुसरीकडेच फेकतं, म्हणून फोटोत काळं दिसतं. ध्रुवाकडे याच तंत्राने समुद्रातला बर्फ किती वाहतो ते मोजतात: दोन वेळच्या फोटोंत तोच तुकडा शोधायचा, किती सरकला बघायचं. काही दिवसांनीही तो तुकडा ओळखता येतो.

पैनगंगेचा पूर असा थांबतोय कुठे? पाणी काही तासांत चढतं आणि निसार त्याच कक्षेतून परततो 12 दिवसांनी. त्यामुळे 'निसार पुराचा अलर्ट देणार' असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलू नका. शेतात पाणी कुठे साचून राहिलं, मातीत ओल किती, यासाठी मात्र तो कामाचा. पंचनाम्यात वाद झाला तर असा नकाशा शेतकऱ्याच्या बाजूने बोलू शकतो, आणि डेटा सगळ्यांना मोफत आहे.