नळाला उलटे पाणी : कोपरच्या व्यापारी संकुलांपुढील दुर्लक्षित धोका

उल्हास नदीचे पाणी बारावे, मोहिली व नेतिवली येथील केंद्रांत शुद्ध होऊन कल्याण-डोंबिवलीत पोहोचते. मात्र केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणी कोपर परिसरातील उपाहारगृहाच्या किंवा दवाखान्याच्या नळापर्यंत शुद्धच राहील, याची शाश्वती कोणी द्यायची, हा प्रश्न अनुत्तरितच आहे. जलवाहिनीतील पाणी नेहमी एकाच दिशेने वाहते, ही समजूत या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

प्रत्यक्षात पाणी दोन कारणांनी उलटे फिरते. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद केला, वाहिनी फुटली किंवा एखाद्या इमारतीने वाहिनीलाच पंप जोडला, की तिच्यातील दाब घटतो. अशा वेळी बादलीत बुडालेली रबरी नळी बादलीतील पाणी वाहिनीत ओढून घेते. दुसरे कारण याच्या उलट आहे. इमारतीतील पंपाचा दाब वाहिनीतील दाबापेक्षा वाढला, तर आतील पाणी बाहेर ढकलले जाते. कूपनलिका, टँकर व पालिका या तिन्हींचे पाणी एकाच नळजाळ्यात खेळवणाऱ्या इमारतींत हा धोका अधिक असतो.

पाणी ठरावीक वेळेपुरतेच येणाऱ्या शहरांत हा धोका रोजचाच म्हणावा लागेल. हुबळी-धारवाडमधील नळांच्या पाण्याची तुलना करणारा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. खंडित पुरवठ्याच्या नळांवरील सुमारे 32 टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई-कोलाय जिवाणू आढळले. चोवीस तास पुरवठा असलेल्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. वाहिनी रिकामी राहणे किती महागात पडते, हे त्यावरून दिसते.

व्यापारी इमारतीतील एका चुकीची झळ शेकडो लोकांना बसते. शिकागो येथे 1933 च्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांत सांडपाण्याच्या व पिण्याच्या पाण्याच्या नळांचा संबंध आला. त्यातून पसरलेल्या अमीबाजन्य आमांशाने सुमारे 1,400 जण आजारी पडले आणि 98 जणांचा बळी गेला.

उपाय मात्र खर्चिक नाही. टाकीत पडणाऱ्या नळाचे तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच ठेवले, की मधल्या हवेच्या अंतरामुळे पाणी परत चढूच शकत नाही. जेथे असे अंतर ठेवणे शक्य नाही, तेथे उलट प्रवाह रोखणारे व्हॉल्व्ह बसवता येतात. मात्र साध्या एकमार्गी व्हॉल्व्हवर विसंबून चालत नाही. त्यात रेती अडकली किंवा झडप झिजली, तर तो निकामी झाल्याचे बाहेरून कळत नाही. अग्निशमनाची टाकी, कूपनलिका व पिण्याचे पाणी यांची जाळी पूर्णपणे स्वतंत्र ठेवणे आणि त्यांना वेगवेगळे रंग देणे हा अधिक भरवशाचा मार्ग ठरतो.

नियमांचा अभाव आहे, असेही नाही. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत नळव्यवस्थेवर स्वतंत्र भाग आहे. उणीव आहे ती तपासणीची. पूर्णत्वाचा दाखला एकदाच मिळतो. त्यानंतर गाळा हातोहात बदलतो, दुकानाचे उपाहारगृह होते आणि प्लंबर जागच्या जागी नवे जोड देतो. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या डोंबिवली परिसरातील 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. जेथे नकाशाच खोटा, तेथे नळजोडणी कोण तपासणार?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असावा लागतो. हे प्रमाण सोसायटीच्या कार्यालयातही साध्या संचाने तपासता येते. व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणाला नळव्यवस्थेच्या वार्षिक तपासणीची जोड दिली, तर जबाबदारी निश्चित होईल. अन्यथा साथ आल्यावर पालिका इमारतीकडे आणि इमारत पालिकेकडे बोट दाखवील, आणि दूषित पाणी ग्राहकाच्या पेल्यात येतच राहील.