लाइट्स, गिटार आणि रिकामी खुर्ची

‘यूथ मिनिस्टर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युवक कल्याण खात्याचा मंत्री येतो. बंगला, गाड्यांचा ताफा, मागे-पुढे पीए. पण चर्चमध्येही यूथ मिनिस्टर असतो बरं का! त्याच्याकडे असते एक सेकंडहँड बाइक, एक गिटार आणि कायमचं एकच टेन्शन : शनिवारी संध्याकाळी पोरं येतील का?

असा एक यूथ मिनिस्टर माझ्या ओळखीचा आहे. पुण्यातल्या एका चर्चमध्ये. वय ३४. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. मी ख्रिश्चन नाही, पण दादाशी गप्पा मारायला ते कधी आड आलं नाही. ‘चर्च तरुणांना रिलेव्हंट कसं वाटणार?’ असं मी त्याला सहज विचारलं, तर म्हणाला, ‘अगं, या एका शब्दानं माझी आठ वर्षं खाल्ली!’

झालं असं, की दादा आला तेव्हा चर्चमधली तरुण मंडळी कमी होत चालली होती. मग त्यानं सगळे उपाय केले. प्रोजेक्टर आला, ड्रम्स आले, रंगीत लाइट्स आले, पाळकांच्या लांबलचक प्रवचनाऐवजी जीन्समधला दादा आणि त्याचा वीस मिनिटांचा टॉक. मागच्या बाजूला कॉफीसुद्धा! पहिलं वर्ष हाउसफुल्ल. दुसऱ्या वर्षी गळती सुरू. ‘आमच्यापेक्षा भारी बँड पुण्यात दर वीकेंडला कुठे ना कुठे वाजतोच,’ दादा म्हणतो, ‘आणि कॉफी तर आमची भयंकरच होती!’

हा फंडा मूळचा अमेरिकेतला. शिकागोजवळचं विलो क्रीक चर्च एका यूथ ग्रुपमधूनच उभं राहिलं. १९७५ मध्ये त्यांची पहिली सभा भरली ती चक्क सिनेमा थिएटरमध्ये. त्याआधी संस्थापकांनी घरोघरी जाऊन लोकांना विचारलं, ‘तुम्ही चर्चला का जात नाही?’ उत्तरं आली : कंटाळा येतो, आमच्या जगण्याशी संबंध वाटत नाही, सारखे पैसे मागतात. मग नाटुकली, बँड, आरामशीर खुर्च्या असा सगळा थाट सुरू झाला. गर्दी हजारोंवर गेली आणि जगभरच्या चर्चनी कित्ता गिरवला. गंमत म्हणजे २००७ मध्ये याच चर्चनं आपल्याच मंडळींची पाहणी करून जाहीर सांगितलं, की कार्यक्रमांना जास्त हजेरी लावली म्हणून माणसाची श्रद्धा वाढतेच असं नाही.

याच्या उलट फ्रान्समधलं तेझे हे छोटंसं गाव. ब्रदर रॉजर यांनी १९४० मध्ये तिथे एक मठ सुरू केला. तिथे ना ड्रम्स, ना स्मार्ट टॉक. दिवसातून तीनदा प्रार्थना, पुन्हा पुन्हा गायच्या साध्या ओळी आणि मध्ये बराच वेळ चक्क शांतता. साधं जेवण, राहायला तंबू नाहीतर डॉर्मिटरी. शिवाय जेवण वाढायचं, भांडी घासायची, संडास साफ करायचे हे कामही आलेल्या पोरांनीच वाटून घ्यायचं. तरी देशोदेशीचे तरुण आठवडा-आठवडा तिथे जाऊन राहतात. आपल्याकडचे आयटीवाले रजा टाकून वारीला जातातच की!

‘म्हणजे जुनं ते सोनं?’ मी विचारलं.

‘छे गं! आमच्यात जे आज जुनं आहे ना, ते एके काळी भलतंच नवं होतं.’

खरंच की. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि ११ हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. चर्चमध्ये विलायती चाली घुमत होत्या त्या काळात त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. १९१७ मध्ये तर मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ‘त्यांना तरुणांमध्ये कूल दिसायचं नव्हतं,’ दादा म्हणाला. ‘आतलं सांगायला आतली भाषा हवी होती, बस्स. माझी पोरं मात्र इंग्लिशमध्ये गातात, मराठीत भांडतात आणि रडतात कुठल्या भाषेत, ते मला अजून कळलेलं नाही.’

मध्यंतरी यायचा बंद झालेल्या एका मुलाला दादानं कारण विचारलं. उत्तर आलं, ‘कंटाळा नाही आला, दादा. पण तिथे माझं काही कामच नव्हतं.’

त्या वाक्यानंतर लाइट्स गेले. आता शनिवारी अर्धा वेळ प्रश्नांसाठी असतो. नोकरी गेली तर देव कुठे असतो? चर्चमध्येसुद्धा लग्न जमवताना जात का बघतात? बायका पाळक का नाहीत? उरलेल्या वेळात पोरं मंडळीतल्या आजी-आजोबांच्या घरी जातात. कुणी औषधं पोचवतं, कुणी नुसतंच बसून गप्पा ऐकतं. एक आजी त्यांना टिळकांची भजनं शिकवतात आणि बदल्यात यूपीआय शिकतात.

सगळं छान चाललंय असं समजू नका. शनिवारचा आकडा निम्म्यावर आलाय. ज्येष्ठ मंडळींना ते प्रश्न झोंबतात. आणि वर्षअखेरीला कमिटी दादाला हजेरी विचारणार, त्यावर त्याची नोकरी ठरणार. आपल्या अप्रेझलसारखंच! ‘हाकललं तर?’ म्हटलं, तर हसून म्हणाला, ‘आता एखादी खुर्ची रिकामी दिसली की पोरं एकमेकांना फोन करतात. पूर्वी दोनशे यायची, तेव्हा कोण आलं नाही हे मलाही कळायचं नाही.’

आपली ऑफिसंही आपल्याला धरून ठेवायला बीन बॅग्ज, फन फ्रायडे आणि फुकटची कॉफी देतात. पुढच्या वेळी तो कप हातात घेतलात की एवढंच मनात विचारा : उद्या मी आले नाही, तर हजेरीच्या मशीनशिवाय ते कुणाच्या लक्षात येईल?