कायदा भंवरीदेवीमुळे आला, समिती कुणाची?

कामाच्या ठिकाणची हिंसा म्हटली की डोळ्यांपुढे वातानुकूलित कार्यालय उभे केले जाते. पण ही हिंसा सफाई कामगारांच्या चौकीत, ऊसतोडीच्या फडात, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मालकाच्या घरात रोज घडते. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. परदेशी विद्या घेऊन आलेल्या अधिकाऱ्याची ही गत, तर मुकादमाच्या हाताखालच्या बाईचे काय?

आज जो कायदा आहे तो कुणा मालकाच्या दयेतून आलेला नाही. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही कुंभार जातीची स्त्री. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती ‘साथिन’ होती. बालविवाह रोखणे हे तिचे काम, आणि ते तिने केले म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार करणार नाहीत, हा त्या निकालातला तर्क! मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ सालीच जाळली होती. ती न्यायासनावर अजून शाबूत होती. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कायदा झाला.

आता या कायद्याचा लाभ कोण घेते ते पाहा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. त्या समितीत बहुजन स्त्री असलीच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. ज्यांच्याकडे दहा माणसांचे कार्यालयच नाही, किंवा जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकामगार स्त्री तिथेच येते. तिच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले, तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे आहे. तालुक्यात आणि शहराच्या प्रभागात तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा आहे. आणि या समितीच्या नामनियुक्त सदस्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातील किमान एक स्त्री असणे बंधनकारक आहे. कायद्यातली आपली हक्काची जागा ही आहे. आपल्या वस्तीतल्या किती बायांना हे ठाऊक आहे? आम्हाला वाटते, हे अज्ञान आपोआप आलेले नाही. ते सांभाळून ठेवलेले आहे.

दुसरी गोष्ट याहून कडवी. हा कायदा लैंगिक छळापुरता आहे. जातीवरून होणाऱ्या छळासाठी मालकाने समिती नेमावी, फलक लावावा, असे काहीच बंधन त्यात नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. जातीवरून छळल्याचा आरोप तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर ठेवण्यात आला. आधीच तक्रार केली होती, असे कुटुंबीय सांगतात. ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण तो गुन्हा घडून गेल्यावर धावतो. शिवाय जातिवाचक अपमान लोकांसमक्ष झाला हे दाखवावे लागते. साहेबाच्या बंद केबिनमध्ये जात काढली तर साक्षीदार आणायचा कुठून? ठेकेदाराची माणसे तर साक्ष द्यायला आली की दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून नाव गायब.

तेव्हा लैंगिक छळाबाबत मालकावर टाकलेली प्रतिबंधाची जबाबदारी जातीय छळाबाबतही टाकली पाहिजे, ही मागणी आपल्या कर्मचारी संघटनांनी लावून धरावी. त्या संघटना पदोन्नतीच्या प्रश्नावर जितक्या तातडीने मोर्चा काढतात, तितक्याच तातडीने कंत्राटी सफाई कामगार बाईसाठी का निघत नाहीत, हे आम्ही आपल्याच माणसांना विचारतो.

तोवर हातात आहे ते वापरावे. तक्रार लेखी द्यावी, तारीख टाकावी, पोच घ्यावी. २०१३ च्या कायद्याखाली मुदत तीन महिन्यांची आहे. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बलात्कार, मारहाण किंवा जातिवाचक शिवीगाळ असेल तर समितीची वाट न पाहता थेट पोलीस ठाणे गाठावे आणि ॲट्रॉसिटीची कलमे लावून घ्यावीत. आणि प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाकावा: स्थानिक समितीच्या सदस्यांची नावे काय, तिची शेवटची बैठक कधी झाली, आणि राखीव जागेवर कोण बसले आहे?