पेठेचा संघ

महाराष्ट्रात बंद पडलेल्या फुटबॉल संघांची यादी करायला घेतली, तर ती चांगलीच लांबते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड १९६२पासूनचा. त्याने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीने तो गुंडाळला. पुणे एफसी २००७मध्ये आला, आठेक वर्षांत गेला. भारत एफसी आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजियन्स दोन. एफसी पुणे सिटीत हृतिक रोशन भागीदार होता, तरी २०१९मध्ये गाशा गुंडाळायची वेळ आली आणि पुण्याची ती जागा हैदराबादला मिळाली. एक मुंबई सिटी तेवढा टिकून आहे. त्याच्यामागे २०२५पर्यंत मँचेस्टर सिटीच्या मालकांचा पैसा होता, म्हणून तो वेगळा धरू.

या सगळ्या काळात कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच लागली की शाहू स्टेडियमवर बसायला जागा मिळत नव्हती. या दोघांतला एकही संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. टीव्हीवर त्यांचं नाव येत नाही, त्यांचा गोलकीपर बाकी महाराष्ट्राला ठाऊक नाही. पण कोल्हापुरात कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, गेल्या हंगामात टायब्रेकरला पेनल्टी कुणी हुकवली ते तो मीटर टाकायच्या आधी सांगेल.

आम्हा नगरकरांना याचा थोडा हेवाच वाटतो, म्हणून हे असं का झालं ते नीट पाहायला हवं.

कोल्हापूरची तालीम मुळात कुस्तीची. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला हात दिला, १९१२मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमींना मान आला. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हता. तिथं कट्टा होता, वर्गणी होती, गणपती होता, पेठेतल्या भांडणाचा निवाडा होता आणि शेजारच्या पेठेशी ईर्षा तर होतीच होती. पुढे फुटबॉल आला तेव्हा त्याला नवी संस्था काढावी लागली नाही. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावंच पाहा. लाल मातीची नावं बूट घालून मैदानात उतरली. त्यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी असे संघ आले. १९४०पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांची 'केएसए', हा कारभार पाहते आहे. छत्रपती घराण्याचा हात तिच्या डोक्यावर आहे. वरिष्ठ गटात सोळा संघ, त्याखाली आणखी गट. थंडीत लीग सुरू होते आणि मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषक.

मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा माझं अर्धं लक्ष खेळाकडे आणि अर्धं शेजाऱ्यांकडे होतं. सत्तरीचे एक आजोबा आपल्याच संघाच्या डाव्या बगलेला इतक्या मायेनं शिव्या घालत होते की तो पोरगा त्यांच्या घरातलाच असावा असं वाटलं. घरातला नव्हता, गल्लीतला होता. तिथं या दोन्हींत फार अंतर नसतं.

यात सगळं गोड आहे असं मात्र नाही. मैदानात हरलेली मॅच रस्त्यावर जिंकायची खोड कोल्हापूरला आहे. दगडफेक, हाणामाऱ्या, मग पोलिसांचा बंदोबस्त आणि स्पर्धा स्थगित, हे तिथं अनेकदा झालं आहे. ज्या ईर्षेवर हा खेळ जगतो तीच त्याच्या जिवावर उठते. दुसरी गोष्ट पैशाची. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक वाढले, बक्षिसं फुगली आणि तालमींनी बाहेरगावचे, पुढे थेट नायजेरियाचे खेळाडू आणायला सुरुवात केली. प्रेक्षक खूश झाले. पण पेठेचं पोरगं बाकावर आणि पाहुणा मैदानात असं होऊ लागलं, तर तालमीत आणि बुडालेल्या कंपनीच्या संघात फरक तो काय राहिला? माझ्या मते कोल्हापूरच्या फुटबॉलला दगडांपेक्षा मोठा धोका हा आहे.

आणि एक गोष्ट कोल्हापूरकरांना आवडणार नाही, तरी सांगतो. एवढ्या वेडातून देशपातळीवर गेलेले खेळाडू थोडेच. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला. अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. तालमी खेळाडूंपेक्षा प्रेक्षक उत्तम घडवतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पुण्याच्या त्या सगळ्या संघांना खेळाडू विकत मिळाले होते, पिढ्यान्‌पिढ्या येणारा प्रेक्षक मिळाला नव्हता.

नुसत्या प्रेक्षकावर संघ कसा टिकतो ते पाहायचं तर इंग्लंडमध्ये शेफील्ड एफसी नावाचा क्लब आहे. स्थापना १८५७ची, म्हणजे आपल्याकडे उठाव पेटला त्या सालची. जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणून त्याला मान आहे आणि तो खेळतो कुठं, तर इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या पायरीवर. व्यावसायिक लीगच्या चार पायऱ्या सोडून खाली जे असतं त्याला तिकडे 'नॉन-लीग' म्हणतात. मोठा चषक नाही, टीव्हीचे करोडो नाहीत, स्वतःचं मैदानसुद्धा शहराबाहेर. तरी क्लब चालू आहे, कारण ज्यांना तो हवा आहे ती माणसं शनिवारी येतात.

आता नगरकडे येतो. फुटबॉलसाठी जे लागतं ते आमच्याकडे केव्हापासून आहे. भिंगारची छावणी इंग्रजांच्या काळापासूनची, रणगाडा दलाचं केंद्र इथलंच. हिंदुस्थानात फुटबॉल आला तोच गोऱ्या पलटणींबरोबर. पण पलटणीच्या संघाला गाव नसतं. बदलीचा हुकूम आला की गोलपोस्ट तेवढे राहतात. कंपनीचा संघ ताळेबंद बिघडला की जातो, पलटणीचा बदली झाली की जातो. पेठ तेवढी कुठं जात नाही.

आमच्याकडे जिल्हा फुटबॉल असोसिएशन आहे, पोरंही खेळतात आणि बरी खेळतात. पण पाहायला येतात ती बहुधा खेळणाऱ्यांचे मित्र आणि पुढच्या मॅचचे खेळाडू. नगरला गर्दी करता येत नाही असंही नाही. २०२५च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. माळीवाडा, तोफखाना, नालेगाव, सावेडी, भिंगार, केडगाव यांची आपापसात ईर्षाही काही कमी नाही, ती विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी कानावर आदळतेच.

तेव्हा मंडळांच्या अध्यक्षांना एक विनंती. यंदाच्या वर्गणीतून डीजेची एक भिंत कमी करा आणि मंडळाच्या नावाचे अकरा शर्ट शिवा. पोरं पेठेतलीच घ्या, बाहेरचा एकही नको. पहिली मॅच माळीवाडा विरुद्ध तोफखाना अशी वाडिया पार्कवर रविवारी लावा आणि तिकीट दहा रुपये ठेवा. पहिलं तिकीट मी काढतो.