फेस आला की बास?

कारखान्याच्या फरशीवर वीकेंडला कोण लिहितं, असं म्हणाल. पण विश्रांतवाडीत राहणाऱ्याला भोसरी एमआयडीसी काही लांब नाही, दिघीवरून गेलं की आलीच. कामानिमित्त तिथल्या आणि चाकणच्या चार-दोन शॉपफ्लोअर्सवर मी सॉफ्टवेअर बसवायला जातो. हल्ली बऱ्याच ठिकाणी जुना कोबा इपॉक्सीखाली गेलाय. हिरवीगार किंवा राखाडी, आरशासारखी फरशी, वर पिवळे पट्टे. कस्टमर व्हिजिटला एकदम भारी दिसते.

माझं म्हणणं एवढंच की ही फरशी टाकताना जेवढी डोकी चालतात, त्यातलं एकही ती पुसायची वेळ आल्यावर चालत नाही. टाकायचा खर्च प्रोजेक्टच्या बजेटमधून, पुसायचा हाउसकीपिंगच्या ठेक्यातून, आणि ठेका सगळ्यात कमी रेटवाल्याला. आपल्याकडे नाही का, डेव्हलपमेंटला टीम आणि मेंटेनन्सला एक फ्रेशर! तसंच.

इपॉक्सी म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून ओतलेला, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर. चालण्याइतका तो एका दिवसात कडक होतो, पण रसायनांना तोंड द्यायला साधारण आठवडा लागतो. तेवढी सवड कोण देतं? खालचा कोबा ओला असेल, आणि आपल्याकडे जुलैत तो असतोच, तर पुढे फोड येतात. मग म्हणायचं, पाणी जास्त मारलं म्हणून फरशी उखडली.

खरी गंमत साबणाची आहे. सीएनसीच्या आसपास कूलंट आणि लोखंडाचा कीस पडलेला असतो. आधी कोरडं झाडून तो उचलला नाही, तर मॉपखाली तो सँडपेपरचं काम करतो. मॉपच्या पाण्यात साबण जास्त झाला आणि साध्या पाण्याने काढला नाही, तर त्याचा चिकट थर वाळतो. त्यावर धूळ बसते, फरशी मळकट दिसते. मग काय, आणखी साबण! चक्क इन्फिनिट लूप.

एका ठिकाणी सफाईवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, पावडर किती टाकता?"

"अंदाजानंच की, दादा. फेस आला की बास."

माप त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण ऑडिटला फरशी मळकट दिसली तेव्हा कंपनीने ठेकेदाराचे पैसे कापले आणि ठेकेदाराने मावशींचा खाडा लावला. हजर असताना खाडा! आणि त्या चिकट थरावर पाणी पडलं की पहिला पाय कुणाचा घसरणार, तर बादली घेऊन चालणाऱ्या बाईचाच. १९४८ च्या कारखाना कायद्यात दोन्ही गोष्टी होत्या: कामाच्या जागेची फरशी आठवड्यातून निदान एकदा धुवायची, आणि घसरायला होईल असं काही तिच्यावर राहू द्यायचं नाही.

घसरू नये म्हणून काही जण थरात वाळू टाकून फरशी खरखरीत करतात. उत्तम. फक्त त्या खरखरीत मॉप अडकतो, सूत तुटतं आणि घाण खाचेत राहते. तिथे ब्रशच हवा, जमल्यास स्क्रबर मशीन. हे टाकणाऱ्याला माहीत असतं, पण हँडओव्हरच्या मीटिंगला मावशींना कोण बोलावतंय! मला विचाराल तर सहीच्या कागदावर पहिली सही सफाईच्या सुपरवायझरची हवी, आणि कुठला साबण, एका बादलीला किती मापं, हे मराठीत आणि हिंदीत नळाशेजारी चिकटवलेलं हवं. ॲसिडची बाटली तर त्या खोलीत नकोच.

हे मी तिथल्या साहेबांना सुचवलं. म्हणाले, "ते ठेकेदार बघतो." ठेकेदार म्हणाला, "आम्हाला डेटाशीट दिलीच नाही, सर." डेटाशीट प्रोजेक्टवाल्यांच्या फोल्डरमध्ये सापडली, इंग्रजीत. तिच्यातलं सफाईचं पान मी मराठीत उतरवून सुपरवायझरला दिलंय. अजून तरी ते त्याच्या खिशातच आहे.